तीन बाकं

(१९८४ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी फोन करून सांगितलं, "तू फौजेत होतास, सैनिकी जीवनावर वीस मिनिटं बोल." मी म्हटलं, बावीस वर्षं नोकरी केली, त्यातलं नेमकं काय सांगू? तर उत्तर आलं, "जे आजवर सांगितलं नाहीस ते सांग." म्हणून आज श्रीलंकेबद्दल बोलतो. १९८७ च्या ऑक्टोबरपासून अठरा महिने मी तिथे होतो. परत आल्यावर आपल्यातल्या बऱ्याच जणांनी विचारलं होतं, "तिथं भांडण त्यांचं-त्यांचं, आपण कशाला गेलो होतो?" तेव्हा मी हसून विषय बदलला. मला उत्तर देता येत नव्हतं.

आपल्या गावाकडं त्या देशाच्या दोनच ओळखी होत्या. एक रामायणातली लंका आणि दुसरी रेडिओ सिलोन. बुधवारी रात्री आठला अमीन सयानींचा आवाज लागला की पारावरची माणसं गप्प व्हायची. आपण सगळ्यांनी तो ऐकलाय. त्या सिलोनला एक दिवस बंदूक घेऊन जावं लागेल, हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

दहावीनंतर मी बारामतीला अकरावीला नाव घातलं. वर्षभर एस.टी.च्या मागच्या सीटवरून अभ्यास केला आणि १९८५ साली खडकीला भरती झालो. बॉम्बे इंजिनिअर ग्रुप, म्हणजे बॉम्बे सॅपर्स. सॅपरचं काम पूल बांधायचं, रस्ता करायचं, सुरुंग पेरायचं आणि दुसऱ्यानं पेरलेले काढायचं. शेतकऱ्याच्या पोराला हे काम जमतं. जमीन कुठं उकरलेली आहे आणि कुठं नाही, हे आपल्याला बघूनच कळतं.

आधी ते युद्ध काय होतं ते थोडक्यात सांगतो. श्रीलंकेत बहुसंख्य लोक सिंहली आणि उत्तर-पूर्वेकडे तमिळ. १९५६ साली तिथल्या सरकारनं सिंहली हीच राजभाषा केली. नोकऱ्या, कॉलेजचे प्रवेश, सगळीकडे तमिळांना आपण मागं पडलो असं वाटू लागलं. १९८१ मध्ये जाफन्याचं सार्वजनिक ग्रंथालय जाळलं गेलं, त्यात नव्वद हजारांवर पुस्तकं गेली. जुलै १९८३ मध्ये कोलंबोत आणि इतरत्र तमिळांची घरंदारं जाळली, माणसं मारली. त्यानंतर तरुणांनी मोठ्या संख्येनं बंदुका घेतल्या. त्यातल्या काही संघटनांना सुरुवातीला आपल्याच देशात प्रशिक्षण मिळालं होतं, हेही सांगितलं पाहिजे. २९ जुलै १९८७ रोजी राजीव गांधी आणि राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांनी करारावर सह्या केल्या आणि आपली शांतिसेना तिकडे गेली. ठरलं होतं असं की बंडखोरांनी हत्यारं खाली ठेवायची, सिंहली फौजेनं बराकीत जायचं आणि आपण मध्ये उभं राहायचं.

पहिल्या दोन महिन्यांत गेलेल्या जवानांना लोकांनी हार घातले. आम्ही पोचेपर्यंत ते हार सुकले होते. वाघांच्या संघटनेनं हत्यारं पूर्ण टाकली नाहीत, बोलणी फिसकटली आणि ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात लढाई सुरू झाली. ११ ऑक्टोबरच्या रात्री जाफना विद्यापीठाच्या मैदानावर हेलिकॉप्टरनं उतरलेल्या १३ शीख लाइट इन्फंट्रीच्या तीस जवानांपैकी एकोणतीस गेले, एक जण पकडला गेला. ज्यांना वाचवायला गेलो त्यांच्याशीच लढायची वेळ आली. मी तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो.

मद्रासहून विमानानं आम्हाला पलालीच्या धावपट्टीवर उतरवलं. आयुष्यातला तो माझा पहिला विमानप्रवास. खाली पाहिलं तर ताडाची झाडं, लाल माती आणि कांद्याचे वाफे. अगदी आपल्यासारखे वाफे, विहिरीच्या पाण्यावरचे. शेजारच्या जवानाला म्हटलं, "हे तर आपल्याकडचंच शिवार दिसतंय." तो म्हणाला, "उतर, मग कळेल."

पुढं आमची छावणी एका शाळेत पडली. पंचवीस-तीस खोल्यांची मोठी शाळा, मध्ये मैदान, कोपऱ्यात विहीर. मुलं-शिक्षक गाव सोडून गेले होते. हजारो माणसं नल्लूरच्या मोठ्या मंदिरात आसऱ्याला राहिली होती, तिथे ट्रंका आणि भांड्यांच्या बोचक्यांवर बसलेली कुटुंबं मी पाहिली. शाळेच्या फळ्यावर तमिळमध्ये अर्धं गणित तसंच होतं. आकडे आपण इंग्रजी शाळेत लिहितो तसे, त्यामुळे मला ते गणित वाचता आलं. त्रैराशिक होतं. रात्री पहाऱ्यावरून आलो की कंदिलाच्या उजेडात मी ते बघायचो. उत्तर माहीत होतं, पण लिहिलं नाही. आपलं नव्हतं ते.

छावणीचं आयुष्य म्हणजे नव्वद टक्के वाट पाहणं. पहाटे अंधारात "स्टँड टू" व्हायचं, म्हणजे सगळ्यांनी मोर्चात हत्यार घेऊन उभं राहायचं, कारण हल्ला होतो तो पहाटे आणि तिन्हीसांजेला. मग मगभर चहा. मग रस्ता उघडायचा. रोज सकाळी रसदीच्या गाड्या निघायच्या आधी आम्ही सॅपर पुढं चालायचो, हातात लोखंडी सळई, कानाला यंत्राचा हेडफोन. यंत्र लोखंडाला वाजतं, पण तिकडे सुरुंग प्लास्टिकच्या डब्यात भरून मोरीखाली ठेवायचे. त्याला यंत्र वाजत नाही. तिथे डोळेच कामाला यायचे. वाळलेल्या गवतात एक हिरवी काडी, पावसानंतरही न भिजलेली माती, रोज बसणारा कुत्रा आज बसला नाही, असलं काहीतरी. सहा किलोमीटर रस्त्याला कधी कधी पाच तास लागायचे. परत आलं की लंगरमध्ये डाळ-चपाती, आठवड्याला मलेरियाची गोळी, आणि बाकीचा वेळ वाळूची पोती भरायची.

आता बातम्यांचं सांगतो. छावणीत बातमी तीन वाटांनी यायची. एक आकाशवाणी. एका जवानाचा ट्रान्झिस्टर होता, त्यावर दिल्लीच्या मराठी बातम्या लागल्या की आम्ही मराठी मुलं गोळा व्हायचो. अमुक भाग ताब्यात आला, परिस्थिती नियंत्रणात आहे, असं त्या सांगायच्या. दुसरी वाट बीबीसीची हिंदी सेवा, ती वेगळे आकडे सांगायची. तिसरी वाट म्हणजे "लंगर गप". फौजेत अफवेला हे नाव आहे, कारण ती जेवणाच्या रांगेत जन्मते. पुढच्या महिन्यात परत जायचंय, अमुक पलटण घेरली गेली, असलं सगळं. या तिन्ही ऐकून झालं की आमचे सुभेदारसाहेब म्हणायचे, "आता बाहेर जाऊन बघा, रस्ता तोच आहे का." खरं काय ते रस्त्यावरच कळायचं.

काही बातम्या मात्र खऱ्या होत्या आणि त्या अजून विसरता येत नाहीत. ऐन दिवाळीत, २१ ऑक्टोबरला, जाफन्याच्या सरकारी रुग्णालयात आपल्या सैन्याच्या गोळीबारात डॉक्टर, परिचारिका, रुग्ण गेले. साठच्या वर माणसं. मी तिथे नव्हतो. पण माझ्या अंगावर तीच वर्दी होती, आणि त्यानंतर बाजारातली बाई माझ्याकडे जशी बघायची तसं माझ्याकडे आयुष्यात कुणी बघितलं नाही. दुसरी बातमी नोव्हेंबरातली. ८ महार पलटणीचे मेजर रामस्वामी परमेश्वरन, जन्मानं मुंबईकर, २५ नोव्हेंबरच्या रात्री शोधमोहिमेवरून परतताना त्यांच्या तुकडीवर हल्ला झाला. छातीत गोळी लागली असताना त्यांनी समोरच्याची रायफल हिसकावून त्याला पाडलं आणि शेवटपर्यंत हुकूम देत राहिले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. त्या मोहिमेतलं ते एकमेव. आमच्या छावणीत त्या रात्री कुणी ट्रान्झिस्टर लावला नाही.

आणि घरच्या बातम्या? त्या पत्रानं. पत्रात जागा, तुकडी, हालचाल काही लिहायचं नाही असा हुकूम. मग उरतं काय? "मी खुशाल आहे. जेवण चांगलं आहे. इथे नारळ पुष्कळ." मी अठरा महिने नारळावर पत्रं लिहिली. आईला वाचता येत नव्हतं. माझी पत्रं वाचून दाखवायची आणि तिची लिहायची आपल्याच वर्गातली एक मैत्रीण, आमच्या शेजारची, तेव्हा ती डी.एड. करत होती. ती आज इथे दुसऱ्या रांगेत बसली आहे. नाव घ्यायचं नाही असं तिनं बजावलंय, म्हणून घेत नाही.

मला येणारी पत्रंही तशीच. "दादा बरे आहेत, कारखान्याला ऊस घालतायत. म्हैस व्याली. तू काळजी करू नको." मे १९८८ मध्ये रजेवर आलो तर वडील काठी टेकत दारात आले. डिसेंबरातच उसाच्या गाडीवरून पडून मांडीचं हाड मोडलं होतं, तीन महिने अंथरुणाला होते, ऊस भावकीनं तोडून घातला होता. म्हैस विकली होती. मी या मैत्रिणीवर चिडलो. ती म्हणाली, "तुझी आई सांगायची ते लिहायचे. आणि तू तरी काय लिहीत होतास? पेपरात रोज जवान गेल्याच्या बातम्या. मी पेपर मनात सगळा वाचायचे आणि तुझ्या आईला मोठ्यानं अर्धा वाचून दाखवायचे. आईंनी एकदा ओळखलं. म्हणाल्या, बाई, आज तू लवकर थांबलीस." मग माझ्याकडे बोलायला काही उरलं नाही. युद्धाची बातमी सरकार कापतं असं आपण म्हणतो. आमच्या घरात ती दोन्ही बाजूंनी मायेनं कापली जात होती.

आता ज्यासाठी उभा राहिलो ते सांगतो.

नोव्हेंबरात तिकडे ईशान्येचा पाऊस असतो. सलग तीन दिवस ओतत होता. रॉकेलची गाडी रस्ता बंद म्हणून अडकली, लाकडं भिजलेली, लंगरची चूल पेटेना. दोन दिवस जवानांनी बिस्किटं खाल्ली. तिसऱ्या दिवशी हुकूम आला, वर्गातली तीन बाकं फोडा. कुऱ्हाड माझ्या हातात होती. बाक जुन्या, घट्ट लाकडाचं होतं. पहिला घाव घालताना दिसलं, बाकावर कर्कटकानं नावं कोरलेली होती. तमिळ अक्षरं, मला वाचता येईनात. पण नाव आहे हे कळतं. आपण सगळ्यांनी कोरलंय. आपल्या नववी 'अ'च्या खिडकीजवळच्या बाकावर माझं होतं, त्याबद्दल सरांनी मला छडी दिली होती. सर, आपल्याला आठवतंय की नाही माहीत नाही. मला आठवतं.

मी बाकं फोडली. त्या रात्री गरम डाळ मिळाली. मी दोनदा घेतली.

मित्रहो, आपल्यातले निम्मे उजनीच्या पाण्यानं उठलेल्या गावांतले. मी चौथीत होतो, तेव्हा आमची जुनी शाळा पाण्याखाली गेली. नव्या गावठाणात जायच्या आदल्या दिवशी गुरुजींनी बैलगाडीत बाकं चढवताना एकेक मोजलं होतं. घरं जाणार होती, देऊळ जाणार होतं, आणि गुरुजी बाकं मोजत होते. आमच्या आजोबांनी विचारलं, "गुरुजी, आता काय मोजताय?" गुरुजी म्हणाले, "हेच तर उद्या लागणार." कुऱ्हाड उचलताना मला हे आठवलं नाही. आठवलं ते जानेवारीत.

जानेवारी १९८८ मध्ये काही कुटुंबं परत यायला लागली. एके दिवशी फाटकावर एक म्हातारे गृहस्थ आले. पांढरी लुंगी, पांढरा सदरा, सायकल, काखेत छत्री आणि रजिस्टर. ते त्या शाळेचे मुख्याध्यापक. आमच्या साहेबांना इंग्रजीत म्हणाले, मला माझी शाळा बघायची आहे. साहेबांनी मला बरोबर दिलं. ते प्रत्येक वर्गात गेले आणि बाकं मोजली. खिडक्यांना लावलेली, दारात आडवी टाकलेली, सगळी. शेवटी म्हणाले, "बहात्तर होती. एकोणसत्तर आहेत." भिंतींना गोळ्यांची भोकं होती, मैदानात खंदक होते, विहिरीचा रहाट मोडला होता. त्याबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत. "तीन कुठं आहेत?"

साहेबांनी भरपाईचा अर्ज करा म्हणून सांगितलं. ते म्हणाले, पैसे नकोत, रजिस्टरमध्ये कारण लिहायचंय. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी मोडक्या इंग्रजीत सांगितलं, "रेन. नो फायर. आय ब्रोक." त्यांनी मान हलवली, पेन काढलं आणि तमिळमध्ये एक ओळ लिहिली. काय लिहिलं ते मला आजपर्यंत कळलेलं नाही.

शाळा परत द्यायच्या आधी आम्ही सॅपर मुलांनी मैदानातले खंदक बुजवले, आवारातला प्रत्येक फूट सळईनं तपासला, रहाट दुरुस्त केला. दारूगोळ्याच्या रिकाम्या खोक्यांच्या फळ्यांपासून मी दोन रात्री जागून एक बाक तयार केलं. चांगलं झालं होतं. मुख्याध्यापकांनी हात फिरवून बघितलं. फळीवर काळ्या रंगात छापलेले आकडे तसेच होते. ते शांतपणे म्हणाले, "काम चांगलं आहे. पण माझी मुलं यावर बसणार नाहीत." मला राग आला, हे कबूल करतो. एवढी मेहनत केली, निदान ठेवून तरी घ्यायचं. तो राग जायला खूप वर्षं गेली. आज वाटतं, शिक्षकानं तेच म्हणायला हवं होतं.

१९८९ च्या एप्रिलमध्ये माझी तुकडी परतली. जून महिन्यात तिथले नवे राष्ट्राध्यक्ष प्रेमदासा यांनीच शांतिसेनेनं निघून जावं असं जाहीर केलं. शेवटचे जवान २४ मार्च १९९० रोजी त्रिंकोमालीहून जहाजानं निघाले. मद्रासला त्यांच्या स्वागताला राज्याचे मुख्यमंत्री आले नाहीत. मी तेव्हा खडकीला होतो, पेपरात वाचलं. अकराशेंहून अधिक जवान गेले, तीन हजारांच्या वर जखमी झाले. १९६५ आणि ७१ च्या लढायांची नावं आपल्या चौकांना, शाळांना आहेत. या लढाईचं नाव घ्यायला बरेच दिवस कुणी तयार नव्हतं. पुढं कोलंबोत, तिथल्या संसदेजवळ, आपल्या जवानांचं स्मारक झालं. आणि ते युद्ध आपण निघून आल्यावरही एकोणीस वर्षं चाललं, २००९ च्या मे महिन्यात संपलं.

तर "आपण कशाला गेलो होतो?" या प्रश्नाचं उत्तर. सरकारनं का पाठवलं, ते बरोबर की चूक, हे पुस्तकात आहे आणि विद्वान अजून भांडतायत. माझ्यापुरतं उत्तर एवढंच, की दोन भाऊ भांडत असताना मध्ये उभं राहायला गेलो, आणि मध्ये उभं राहणाऱ्याला दोन्हीकडून लागतं. जे गेले ते हुकूम पाळत गेले, त्यांचा मान कमी होत नाही. आणि ज्यांच्या अंगणात आपण उतरलो त्यांचं जे गेलं, तेही आपल्या हिशोबात धरावं लागतं. मुख्याध्यापकांनी मला ते शिकवलं. हिशोब लिहून ठेवायचा, पैसे मिळोत न मिळोत.

निवृत्तीनंतर बारामती एमआयडीसीत नोकरी केली, मुलं मार्गी लागली. मध्यंतरी मनात आलं, जाफन्याला जाऊन ती तीन बाकं देऊन यावं. पण शाळेचं नाव मला नीट उच्चारता येत नाही, आणि ते मुख्याध्यापक आता असण्याची शक्यता नाही. मग ठरवलं, बाक शेवटी शाळेचंच असतं, ही शाळा काय किंवा ती काय.

म्हणून आज आपल्या शाळेला मी तीन बाकं देतो आहे. इंदापूरच्या सुतारानं केलीत, कालच वर्गात ठेवली आहेत. मुख्याध्यापकांना एकच विनंती आहे. त्यावर माझ्या नावाची पाटी लावू नका. आणि पुढं-मागं एखाद्या पोरानं कर्कटकानं त्यावर आपलं नाव कोरलं, तर सर, छडी जरा हलक्या हातानं मारा.

जय हिंद.